उन्हाच्या गावातून, दाबाखालच्या बीअरबद्दल: शंकूतळाचं स्टीलचं भांडं कसं वापरावं

मे महिन्यात सोलापुरात रात्री दहालाही पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. माझा मुलगा अमेरिकेत ऑस्टिनला असतो आणि त्याच्या गॅरेजची उन्हाळ्यात हीच गत होते. त्याला तिथं लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवायची बीअर, करायची होती. लागरच्या यीस्टला १० ते १२ अंश लागतात, त्याची सगळी धडपड होऊनही भांडं २० च्या खाली येत नव्हतं. पहिल्या दोन खेपांना पिकलेल्या केळ्याचा वास आला, दुसरीला तर नेलपॉलिशचासुद्धा. तिसऱ्या खेपेला त्यानं झाकण बंद करून दाबाखाली आंबवली. तेव्हा मी तिथंच होतो. वास गेला, बीअर स्वच्छ, हलकी आणि कोरडी उतरली.

मी तीस वर्षं सोलापुरातल्या डायहाउसांमध्ये मेन्टेनन्स केलं. सूत रंगवायची स्टीलची प्रेशरची भांडी, त्यांचे व्हॉल्व्ह, गॅस्केट, गेज, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे मुलाचं भांडं पाहिल्यावर बीअरपेक्षा आधी मला त्याचं झाकण दिसलं. दाब हे या कामातलं फार गुणी हत्यार आहे, पण त्याची सुरुवात सेफ्टी व्हॉल्व्हपासून होते. हा लेख त्याच क्रमानं लिहितो आहे.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, आणि घरची बीअरही त्यातच येते. थोडीशी, स्वतःपुरती, असली सवलत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं घरी बीअर करायला मोकळीक मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. म्हणून बीअरच्या खेपा ऑस्टिनच्या. सोलापुरात माझ्याकडे तसंच एक भांडं आहे, त्यात मी चाचण्या करतो आणि पाहुण्यांसाठी कोकम सोडा आणि आल्याचा सोडा भरतो. जे मराठी लोक परवानगी असलेल्या उष्ण जागी राहतात, किंवा परवान्याच्या ब्रुअरीत काम करतात, त्यांना खालची सगळी पद्धत जशीच्या तशी वापरता येईल. इथल्या लोकांना भांड्याचा आणि सोड्याचा भाग उपयोगी पडेल.

दाबानं नेमकं काय होतं

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. भांडं उघडं असलं की वायू निघून जातो. बंद ठेवलं की तो द्रवात विरघळत राहतो. विरघळलेला वायू वाढला की यीस्टची वाढ मंदावते, आणि फळासारखे वास देणारी द्रव्यं, म्हणजे एस्टर, कमी तयार होतात. उष्णतेनं एस्टर वाढतात, दाबानं दबतात. म्हणून १२ अंशांना जी चव मिळते तिच्या बरीच जवळची चव १८ ते २० अंशांना ०.७ ते ०.८ किलो दाब ठेवून मिळते. मोठ्या ब्रुअऱ्यांच्या उंच टाक्यांत हे आपोआप घडतं, कारण १० मीटर उंचीचा द्रव तळाशी जवळजवळ एक किलो दाब देतोच.

किलो म्हणजे आपल्या कारखान्यातली भाषा, दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. एक बार आणि एक किलो यात दोन टक्क्यांचाच फरक आहे, आणि परदेशी गेजवर तेच साधारण १४.५ पीएसआय दिसतं. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा त्यात एवढाच दाब असतो. फक्त कुकरचं झाकण २० सेंटिमीटरचं आणि आपल्या भांड्याचं ३० चं. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ ७०७ चौरस सेंटिमीटर भरतं. एक किलो दाबाला त्या झाकणाला आतून सात क्विंटलचा रेटा असतो, म्हणजे ज्वारीची शंभर किलोची सात पोती. क्लॅम्पला हात घालण्याआधी ही सात पोती डोळ्यांसमोर आणा.

एक मर्यादाही सांगतो. गव्हाची जर्मन बीअर किंवा बेल्जियन पद्धतीची बीअर यांची सगळी मजा यीस्टच्या वासात असते. तिथं दाब लावला तर चव मरते. दाब हवा लागरला, पेल एलसारख्या हलक्या बीअरला, जिथं यीस्टनं मागं राहायचं असतं.

भांडं कसं असावं

तळ शंकूसारखा, ६० अंशांचा. त्यापेक्षा पसरट असला तर यीस्ट कडेला चिकटून बसतं, घसरत नाही. तळाच्या तोंडाला दीड किंवा दोन इंची बटरफ्लाय व्हॉल्व्ह, आत फिरत्या पाकळीचा. शंकूच्या वरच्या अंगाला, यीस्टच्या थराच्या वर, बीअर काढायचं तोंड, आत वळवता येणारी नळी असलेलं. एक छोटा सॅम्पल व्हॉल्व्ह. तापमापकासाठी आत गेलेली बंद नळी. झाकणावर तीन तोंडं: एक सेफ्टी व्हॉल्व्हला, एक गेज व स्पंडिंग व्हॉल्व्हला (ठरवलेल्या दाबाला वायू सोडणारा), एक धुण्याच्या स्प्रे बॉलला. सगळे जोड ट्रायक्लॅम्पचे, म्हणजे मध्ये गॅस्केट घालून बाहेरून क्लॅम्पनं आवळायचे, कारण आट्यांच्या जोडात घाण अडकते आणि ती निघत नाही.

पत्रा ३०४ ग्रेडचा पुरतो. आत गॅस्केट सिलिकॉनचं मिळतं, ते मऊ असतं आणि पटकन बसतं, पण त्यातून हवेतला प्राणवायू हळूहळू झिरपतो. महिनाभर ठेवायची बीअर असेल तर ईपीडीएम रबराचं घ्या.

इथं भांडं बनवून घ्यायचं असेल तर सोलापुरात हात चांगले आहेत. डायहाउस आणि दूध डेअऱ्यांची कामं करणारे फॅब्रिकेटर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहेत, माझं भांडं तिथंच झालं. त्यांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. आर्गन वेल्डिंग हवं, आणि वेल्डच्या मागच्या बाजूलाही आर्गन सोडलेला हवा, नाहीतर आतली शिवण जळून काळी आणि खरबरीत होते. आतला वेल्ड घासून बफिंग केलेला हवा. नख फिरवून पाहा, नख अडलं तर तिथं यीस्ट अडेल आणि पुढच्या खेपेला तेच आंबेल. तिसरी गोष्ट, कामाचा दाब किती धरून पत्रा आणि झाकणाची जाडी काढली ते लिहून घ्या. डोळ्यांच्या अंदाजानं जाडी सांगणाऱ्याकडून प्रेशरचं भांडं करून घेऊ नका. तयार भांडं घेतलंत तर त्याच्या पाटीवरचा दाब वाचा. घरगुती भांडी बहुतेक एक किलोची असतात, काही दोनची. काही फक्त शंकूतळाची असतात आणि दाबाची नसतातच. दिसायला मात्र ती सारखीच दिसतात.

दोन व्हॉल्व्ह, दोन कामं

इथं लोकांचा गोंधळ होतो. स्पंडिंग व्हॉल्व्ह म्हणजे कुकरची शिट्टी: तुम्ही लावलेल्या दाबाला तो वायू सोडतो, रोज तोच काम करतो. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे कुकरच्या झाकणातला वितळणारा सेफ्टी प्लग: शिट्टी चोंदली तर जीव वाचवणारा. स्पंडिंग आहे म्हणून सेफ्टी काढून तिथं दुसरं काही बसवणं मी स्वतः पाहिलं आहे. फेस स्पंडिंगमध्ये चढतो, वाळतो, आणि त्याचं छिद्र बुजतं. असं एकदा तरी होतंच. २० लिटर मध्यम बीअर आंबताना पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो, मोकळ्यावर तो ४०० लिटर भरेल. तो कुठून तरी निघालाच पाहिजे.

सेफ्टी व्हॉल्व्ह भांड्याच्या पाटीवरच्या दाबाइतका किंवा कमी हवा, आणि दाब व निर्वात दोन्ही सांभाळणारा मिळाला तर उत्तम. निर्वाताचं पुढं सांगतो. दर खेपेला त्याची कडी ओढून फुस्स होतं का पाहा.

मी काम केलेल्या एका डायहाउसात गेजचा काटा शून्यावर अडकला होता. ऑपरेटरनं शून्य वाचलं आणि झाकणाचा बोल्ट सैल केला. आत दाब होता. त्याच्या हातावरचे भाजल्याचे डाग मी पुढं कितीतरी वर्षं पाहिले. तेव्हापासून माझा नियम एकच: गेजवर विश्वास ठेवून काही उघडायचं नाही. आधी सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढायची, आवाज पूर्ण थांबेपर्यंत धरायची, मग क्लॅम्पला हात. दाबाखाली कुठलाही क्लॅम्प ‘जरासा’ घट्ट किंवा सैलसुद्धा करायचा नाही.

पहिली चाचणी पाण्यावर

नवीन भांड्याची ताकद हवेनं तपासू नका. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, भांडं फाटलं तर तुकडे उडतात. पाणी दबत नाही, म्हणून फाटलं तरी नुसतं गळतं. भांडं काठोकाठ भरायचं, वर हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी ब्लँक, म्हणजे छिद्र नसलेली चकती, लावायचा आणि हातपंपानं कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा. अर्धा तास ठेवून प्रत्येक वेल्ड कोरड्या कापडानं पुसत तपासायचा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून हे काम पाण्याच्या दिवशी धरा आणि चाचणीचं पाणी पिंपात परत भरून घ्या. चाचणी झाली की पहिलं काम सेफ्टी व्हॉल्व्ह परत बसवणं.

गळतीची चाचणी वेगळी, ती हवेवर आणि कमी दाबानं. रिकाम्या भांड्यात ०.८ किलो हवा भरायची, साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर फवारायचं आणि बुडबुडे शोधायचे. मग रात्रभर ठेवायचं. माझी पहिली चाचणी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत झाली. दुपारी ०.८ लावलेला काटा पहाटे ०.७१ वर. सगळे क्लॅम्प उघडून गॅस्केट बदलली, दुसऱ्या दिवशी तेच. मग डोक्यात प्रकाश पडला: दुपारी ४२ अंश, पहाटे २७. पंधरा अंशांच्या उतारानं बंद हवेचा दाब तेवढा उतरणारच. चाचणी करताना तापमान लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच तापमानाला काटा बघा. आणखी एक, पाणी असलेल्या भांड्यात कार्बन डायऑक्साइड सोडून गळती तपासू नका. तो पाण्यात विरघळतो आणि दाब उतरलेला दिसतो.

धुणं आणि निर्जंतुक करणं

नव्या स्टीलला पॉलिशचं तेल आणि काळी पावडर असते. गरम पाणी आणि डिटर्जंटनं धुऊन पांढरा टॉवेल फिरवा. आपल्याकडे टॉवेलला काही तोटा नाही. टॉवेल पांढरा निघेपर्यंत धुवायचं. मग ४ ते ५ टक्क्यांचं सायट्रिक अॅसिड ५० ते ६० अंशांना अर्धा तास फिरवा आणि भरपूर पाण्यानं धुऊन भांडं उघडं वाळू द्या. त्यानं स्टीलवरचा संरक्षक थर नीट बसतो.

नंतर दर खेपेला सोडियम परकार्बोनेट असलेला क्लीनर, ५० ते ६० अंशांच्या पाण्यात, स्प्रे बॉलमधून अर्धा तास. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरा क्षार बसतो, महिन्यातून एकदा सायट्रिकनं काढा. बटरफ्लाय व्हॉल्व्ह दर वेळी खोलायचाच. पाकळीच्या मागच्या रबराखाली यीस्टचा लगदा बसतो. तो बाहेरून दिसत नाही, वासावरून मात्र लगेच कळतो. वापरण्याआधी फॉस्फरिक अॅसिडचं सॅनिटायझर, लिटरला दीड मिलिलिटर, दोन मिनिटं सगळीकडे लागलं पाहिजे.

ब्लीच वापरू नका. क्लोरीननं स्टीलला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते भरून येत नाहीत.

धुण्याला कॉस्टिक सोडा वापरणाऱ्यांनी हे नीट वाचावं. बीअर काढून झाल्यावर भांड्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तसंच बंद ठेवून आत कॉस्टिक फवारलं तर ते तो वायू क्षणात शोषून घेतं, आत निर्वात होतं आणि भांडं बाहेरच्या हवेच्या दाबानं आत चेपतं. आतून दाब सोसणारा पत्रा बाहेरचा दाब सोसेलच असं नाही. कडक गरम पाण्यानं धुऊन झाकण लावलं आणि वर गार पाणी ओतलं, तरी तेच. धुताना वरचं एक तोंड मोकळं ठेवायचं.

खेप लावणं

वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड रस, शिजवण्याबद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडतं, मी त्यात जात नाही. २० लिटर, सुरुवातीची घनता १.०५० (पाण्याची १.००० धरून), लागरचं साधं माल्ट, एवढं धरून चाला. भांडं निदान २८ ते ३० लिटरचं हवं. वरची मोकळी जागा फेसासाठी असते, तीच कमी केली तर फेस व्हॉल्व्हमध्ये जातो.

वर्ट १८ अंशांवर आणून भांड्यात घ्या. याच वेळी, आणि फक्त याच वेळी, त्यात हवा घुसळायची असते. यीस्टला पहिल्या वाढीसाठी प्राणवायू लागतो. दाबाखाली यीस्ट कमी वाढतं, म्हणून सुरुवातीलाच ते जास्त टाकायचं. डब्ल्यू-३४/७० सारखं कोरडं लागर यीस्ट असेल तर ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं. एकावर भागवलंत तर आंबणं रेंगाळतं आणि लोण्यासारखा वास राहतो.

पहिले १८ ते २४ तास दाब लावू नका. स्पंडिंग पूर्ण सैल, त्याची नळी पाण्याच्या बरणीत. यीस्ट वाढू दे, गंधकाचा वास उडून जाऊ दे. बरणीत बुडबुडे सलग यायला लागले की व्हॉल्व्ह हळूहळू आवळत ०.३ किलोवर आणा. घनता १.०४० च्या खाली आली की ०.८ वर. यापुढं काटा तिथंच राहिला पाहिजे आणि बरणीत बुडबुडे येत राहिले पाहिजेत. काटा ०.८ च्या वर चढतोय आणि बुडबुडे बंद आहेत, याचा अर्थ स्पंडिंग चोंदलाय. सेफ्टीच्या कडीनं दाब उतरवा, मगच तो काढून धुवा.

थंड ठेवण्याचं मी थोडं विस्तारानं सांगतो, कारण दाब असला तरी तापमान सुटून चालत नाही. आंबताना उष्णता निघते. २० लिटरच्या खेपेतली सगळी उष्णता आतच राहिली तर वर्ट १० ते ११ अंशांनी तापेल. १८ ला लावलेली खेप २९ ला गेली तर दाबही वाचवू शकत नाही. मुलाकडे शीतयंत्र नव्हतं. मी इथून जाताना एअरकूलरचा छोटा पाण्याचा पंप नेला, आपल्याकडे उन्हाळ्यात तो कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. बर्फाच्या पाण्याचा आइसबॉक्स, त्यात पंप, भांड्याच्या आत स्टीलची कॉइल, आणि तापमापकावर चालणारा स्विच. बाहेरून जाड रजई गुंडाळली. दिवसातून दोनदा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदलायच्या. ३५ अंशांच्या गॅरेजमध्ये भांडं १९ वर राहिलं. तिसरा दिवस सर्वांत तापट असतो, त्या दिवशी बाटल्या तीनदा बदला.

खोली बंद असेल तर खिडकी उघडी ठेवा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही तिथंच असेल तर याची जास्त काळजी घ्या.

घनता मोजताना

सॅम्पल व्हॉल्व्हवर सॅनिटायझर फवारा, अर्धा कप काढा. त्यात वायू असतो, आणि बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून तो वर उचलतात. घनता खरी असते त्याहून जास्त दिसते, आणि माणूस आंबणं अडलं म्हणून घाबरतो. नमुना दोन ग्लासांमध्ये वीस-तीस वेळा वरखाली ओता, आपण चहा गार करतो तसा, आणि मग मोजा. पाचव्या ते सातव्या दिवशी १.०११ च्या आसपास दोन दिवस तोच आकडा आला की आंबणं संपलं.

लगेच थंड करू नका. दोन छोट्या बाटल्यांत नमुना घ्या. एक ६० ते ७० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, गार करा, आणि दोन्हींचा वास घ्या. गरम केलेल्यात लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आला तर यीस्टचं काम बाकी आहे. आणखी दोन दिवस २० अंशांवर ठेवा आणि परत तपासा.

थंड करणं, आणि काटा खाली जाणं

थंड द्रवात वायू जास्त विरघळतो. २० अंशांना ०.८ किलो दाबाखाली बीअरमध्ये दर लिटरला दीड लिटरच्या आसपास वायू असतो. २ अंशांवर नेलं की वरच्या जागेतला वायू खाली उतरतो आणि काटा शून्याच्या अगदी जवळ येतो. आंबवताना दाब ठेवलाच नसेल आणि भांडं बंद करून थंड केलं, तर काटा शून्याच्याही खाली जाईल. ३० सेंटिमीटरच्या झाकणावर तेव्हा वरून दोन-अडीच क्विंटलचा रेटा असतो. पाण्याची बरणी जोडलेली राहिली तर बरणीतलं पाणी उलटं आत ओढलं जातं.

म्हणून थंड करण्याआधी बरणी काढायची, आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर रेग्युलेटर लावून ०.७ किलोवर जोडून ठेवायचा. तापमान उतरेल तसा तो भरत राहील. २ अंशांना ०.७ किलोवर आठवडाभर ठेवलं की दर लिटरला अडीच लिटर वायू होतो, लागरला हवा तेवढाच. कमी पडणारा वायू जेमतेम ४० ग्रॅमचा असतो, बाकीचा यीस्टनं फुकट दिलेला. सिलिंडर नेहमी उभा ठेवा, आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. उन्हात ठेवू नका. २० अंशांनाच त्यात ५७ बार दाब असतो.

यीस्ट काढणं

थंड करून दोन दिवस झाले की तळाला यीस्ट घट्ट बसतं. दाब ०.२ किलोपर्यंत उतरवा. तळाच्या व्हॉल्व्हला नळी लावून तिचं टोक बादलीत बांधा. व्हॉल्व्ह अगदी केसभर उघडा. एकदम उघडला तर यीस्टच्या मधून बिळासारखी वाट पडते, बीअर त्यातून धो धो येते आणि यीस्ट कडेला तसंच राहतं. मी व्हॉल्व्हवर हात ठेवून बसतो. आधी तपकिरी, चिकट गाळ येतो, त्यात हॉप्सचे, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे, हिरवे कण. मग रंग उजळतो आणि बासुंदीसारखं दाट पांढरट यीस्ट येतं. मग ते पातळ व्हायला लागतं. तिथं बंद. दुसऱ्या दिवशी परत थोडं. गाळ आठवडेभर तळात ठेवू नका, मेलेलं यीस्ट फुटतं आणि बीअरला रबरासारखा वास येतो. मधलं पांढरं यीस्ट पुढच्या खेपेला वापरता येतं, पण दाबाखालून आलेलं यीस्ट दमलेलं असतं. एकदा वापरा, तिसऱ्यांदा नवीन आणा.

हॉप्स वरून टाकायचे असतील तर हे आधी वाचा. लिंबू सोड्यात मीठ टाकल्यावर ग्लास कसा उतू जातो ते आठवा. वायू भरलेल्या बीअरमध्ये हॉप्सची पूड टाकली की तेच होतं, फक्त २० लिटरचं. हॉप्स टाकायचे तर दाब चढवण्याआधी, किंवा दोन-तीन तासांत दाब अगदी हळू शून्यावर आणून, थोडे थोडे.

केगमध्ये घेणं

या टप्प्याला हवा लागली तर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते, आणि केलेलं सगळं वाया जातं. केग, म्हणजे बीअर साठवायचं बंद स्टीलचं पिंप, सॅनिटायझरनं काठोकाठ भरा आणि कार्बन डायऑक्साइडनं ढकलून रिकामा करा. आता त्यात फक्त वायू आहे. केगमध्ये भांड्याइतकाच दाब ठेवा. भांड्याच्या बाजूच्या तोंडापासून केगच्या द्रवाच्या तोंडापर्यंत एक नळी, केगच्या वायूच्या तोंडापासून भांड्याच्या झाकणापर्यंत दुसरी. भांडं उंचावर, केग जमिनीवर. दोन्हीकडे दाब सारखा असल्यानं बीअर वजनानं शांत उतरते, फेस होत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. केग किती भरला ते बाहेरून हात फिरवून कळतं: जिथंवर थंडगार आणि घामेजलेला, तिथंवर बीअर.

केग २ अंशांवर दोन आठवडे ठेवला तर बीअर आणखी निवळते. ऑस्टिनची तिसरी खेप इतकी थांबली नाही.

भांडं रिकामं झालं की कडी ओढून दाब पूर्ण सोडा, झाकण काढा, आतला वायू निघून जाऊ द्या आणि त्याच संध्याकाळी धुवा. वाळलेलं यीस्ट दुसऱ्या दिवशी दुप्पट घासावं लागतं. गॅस्केट काढून वेगळी पसरा, क्लॅम्प बसवून ठेवली की ती चेपून राहतात. बटरफ्लाय अर्धा उघडा, भांडं उलटं नाही तर सरळच, झाकण बाजूला. माझं सोलापूरचं भांडं असंच उघडं, सुती पंचानं झाकलेलं, पुढच्या कोकम सोड्यापर्यंत माजघरात उभं असतं.